इंजिन गोठलं, पण फुटलं कुठे?

वाहनांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे सुभेदार लष्कराच्या ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या) कोअरमधून निवृत्त झाले असून कराडजवळ स्वतःचं गॅरेज चालवतात.

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. जानेवारीत आम्ही चौघे मित्र पुण्याहून हिवाळी स्पिती करायला गेलो. गाडी दहा वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही. काझ्याला होमस्टेबाहेर रात्रभर उघड्यावर होती. सकाळी सेल्फ मारला तर बेल्ट किंचाळला, जळका वास आला आणि दोन मिनिटांत इंजिन बंद पडलं. दुपारी उन्हात ठेवल्यावर चालू झालं. ताबोकडे उतरताना मात्र काटा लालमध्ये गेला आणि हीटरमधून गार हवा येऊ लागली. थांबत थांबत रामपूर गाठलं. तिथे रेडिएटर फुटलेला निघाला, तो बदलला. चंदीगडला ऑइलची कांडी काढून पाहिली तर ऑइल चहासारखं. मग गाडी ट्रकवर घालून पुण्याला आणली. इथला एक गॅरेजवाला म्हणतो ब्लॉक फुटलाय, हाफ इंजिन टाका. दुसरा म्हणतो हेड गॅस्केट गेली. कोणाचं ऐकू? कूलंट हिरवंगार होतं, निघण्याआधी मी स्वतः टॉप-अप केलं होतं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : इतक्यात दोघांचंही ऐकू नका. दोघांनीही नुसतं कांडीकडे बघून निदान केलंय. दुधाळ ऑइल दिसलं की आपल्याकडे दोनच शब्द निघतात, हेड नाहीतर ब्लॉक. ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा खालचा मुख्य भाग, हेड म्हणजे त्यावर बसणारा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे दोघांमधलं पातळ सील, आणि हाफ इंजिन म्हणजे ब्लॉकसकट खालचं अर्धं इंजिन. तुमच्या गाडीत तिसरा संशयितही आहे. तिघांत सगळ्यात स्वस्त तोच, आणि त्याचं नाव कोणीच घेतलेलं नाही. त्याच्याकडे येतोच.

आधी त्या दिवशी काय झालं ते बघू. बेल्ट किंचाळला, कारण पाण्याच्या पंपाची पंखी बर्फात अडकली होती. क्रँक फिरतोय, पंप हलत नाही, मग बेल्ट पुलीवर घासून जळणारच. त्या क्षणी चावी काढून वरचा रेडिएटर पाईप हाताने दाबून बघायला हवा होता. पाईप लाकडासारखा टणक लागला किंवा आत करकर वाजलं, तर त्या इंजिनाला वितळेपर्यंत हात लावायचा नाही. उन्हात ठेवलंत ते ठीक केलंत, पण काझ्यातलं जानेवारीचं दुपारचं ऊन म्हणजे कितीसं! ब्लॉकमधला बर्फ बहुधा सुटला आणि रेडिएटरच्या नळ्यांत लगदा तसाच राहिला. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. तो बंद असताना रेडिएटरला इंजिनाची ऊब मिळत नाही, समोरून गार वारा मात्र लागत राहतो. आतलं पाणी तापून थर्मोस्टॅट उघडतो, तर पुढची वाट बर्फाने बंद. म्हणून बाहेर उणे तापमान आणि काटा लाल. पहाडात कडाक्याच्या थंडीत गाडी तापली, तर माझा पहिला संशय गोठलेल्या रेडिएटरवर असतो. हीटरमधून गार हवा आली म्हणजे गरम पाणी तिथपर्यंत पोचतच नव्हतं, एकतर कमी झालं होतं नाहीतर अडलं होतं. काझ्याच्या उंचीवर उघडं पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं. रेडिएटर फुटून दाबच उरला नाही तर ते किती लवकर उकळत असेल याचा अंदाज करा.

तेव्हा तुमच्या इंजिनाला एकाच दिवशी दोन मार बसलेत. पहाटेचा बर्फाचा, दुपारचा तापल्याचा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ते बंद जागेत असेल तर लोखंडसुद्धा त्याला आवरू शकत नाही. त्याने ब्लॉक, हेड, रेडिएटर, हीटरची जाळी, ऑइल कूलर यांपैकी काहीही चिरतं. तापल्याने हेड वाकतं आणि गॅस्केट जाते. तुमचे दोन गॅरेजवाले आपापल्या परीने एकेक मार सांगतायत. ऑइलमध्ये पाणी नेमकं कुठून शिरलं, ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

आता तपासणी. गाडी स्टार्ट करू नका. "आवाज ऐकून सांगतो" म्हणणाऱ्यालाही करू देऊ नका. पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधलं, पाणी सहज गोठू न देणारं द्रव्य) मिसळलेल्या ऑइलवर इंजिन फिरलं की बेअरिंग जातात, आणि मग खरोखरच हाफ इंजिन घ्यायची वेळ येते. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या पेटीचा, नट अगदी सावकाश ढिला करा. गाडी ट्रकवर बरेच दिवस निवांत उभी होती, त्यामुळे न मिसळलेलं पाणी खाली बसलेलं असेल आणि तेच आधी येईल. किती आलं ते मोजा. नुसती कांडी बघून हे कळत नाही, कारण कांडी चेंबरच्या तळापर्यंत पोचत नाही. त्यानंतर कूलंटच्या बाटलीचं झाकण काढून आत बोट फिरवा. काळा तेलकट थर लागला तर तिसऱ्या संशयितावरचा माझा संशय पक्का होतो.

हा तिसरा म्हणजे ऑइल कूलर. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो ऑइल फिल्टरच्या मागे असतो. आत पातळ पत्र्यांचे थर, एका बाजूने ऑइल, दुसऱ्या बाजूने पाणी. पाणी गोठलं की पत्रा फाटायला वेळ लागत नाही. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याहून बराच जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जातं. गाडी बंद केली की ऑइलचा दाब शून्यावर येतो, गरम पाण्याचा दाब मात्र काही वेळ टिकतो, आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. म्हणून दोन्हीकडे घाण दिसते. कूलर काढायचा, पाण्याची तोंडं बंद करायची, हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवायचा. बुडबुडे आले की चोर सापडला. हेडला हात न लावता होणारी तपासणी आहे ही, पण ती करायला कोणी सांगत नाही. कूलर बदलण्यात मजुरी थोडी, हेड खोलण्यात जास्त. यापुढे मी बोलत नाही.

कूलर धड निघाला तर तो बसवून प्रेशर टेस्ट करा. कॅपच्या जागी हातपंप लावायचा आणि कॅपवर जो आकडा आहे तेवढाच दाब द्यायचा, ०.९ बार असो की १.१. जोरात पंप मारून "बघा, गळतंय" म्हणणारे भेटतील. जास्त दाबाने चांगल्या पाईपच्या क्लिपासुद्धा गळतात. इंजिन थंड, चेंबरचा नट काढलेला, खाली स्वच्छ ट्रे, आणि वीस मिनिटं थांबा. काटा उतरला तर पाणी कुठे गेलं ते शोधायचं. ब्लॉकच्या बाजूला, मॅनिफोल्डखाली, पंपाच्या बॉडीवर, थर्मोस्टॅटच्या घरावर टॉर्च मारा. गाडीच्या आत पायाखालचा गालिचा दाबून बघा. ओला आणि गोडसर वासाचा असेल तर हीटरची जाळी गेली. ट्रेमध्ये थेंब पडायला लागले तर गळती आतली आहे. मग ग्लो प्लग (गार डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढा आणि क्रँक पान्याने हाताने फिरवा. एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा आला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी आहे. सेल्फ न मारता हाताने फिरवायचं, कारण पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता हेड खोला, त्याआधी नको. खोललं की थेट फेसिंग मारायला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवू नका. लेथवाल्याला आधी पट्टी आणि फिलर गेज लावून वाक मोजायला सांगा, मग हेडची गरम पाण्यात प्रेशर टेस्ट करायला सांगा. ब्लॉकवर लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरची टेस्ट करून घ्या. केसाएवढी चीर उघड्या डोळ्यांना दिसत नाही, डेव्हलपरवर लाल रेघ उमटते. वाकलेलं हेड आणि दोन सिलिंडरांमध्ये जळलेली गॅस्केट निघाली तर तो दुपारचा मार, म्हणजे दुसरा गॅरेजवाला बरोबर. बर्फाची चीर सहसा ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीवर आडवी जाते, कारण तिथला पत्रा पातळ असतो. ती दुरुस्त होते. लोखंडी ब्लॉकला मेटल स्टिचिंग करतात. चिरेवर आट्यांच्या पिना एकमेकींत अडकवत बसवायच्या, उष्णता द्यायची नाही. बिडाच्या ब्लॉकला रस्त्यावरचं वेल्डिंग करू देऊ नका. एका जागी तापलं की शेजारी नवी चीर पडते. चीर सिलिंडरच्या भिंतीत असेल तर लायनर (आत बसवायची नवी नळी) टाकून निभावतं का ते मशीनशॉपवाला सांगेल. मुख्य ऑइल गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधून ऑइल नेणाऱ्या वाटेत, असेल तर मात्र हाफ इंजिन घ्या, मग पहिला गॅरेजवाला बरोबर.

कूलंटच्या हिरव्या रंगाचं काय? रंग म्हणजे नुसता रंग, त्यावरून ताकद कळत नाही. आपल्याकडे बऱ्याच डब्यांवर एकास तीन असं मिसळायला लिहिलेलं असतं, म्हणजे ग्लायकॉल २५ टक्के. ते उणे १२ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. पुण्यात ते उत्तम चालतं. त्यात दर उन्हाळ्यात थोडं बोअरचं पाणी ओतलं की तेवढंही राहत नाही. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. काझ्याला जाताना तेच हवं. दुकानात छोटा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. एक थेंब टाकला की गोठणबिंदू वाचता येतो. सहलीच्या खर्चात त्याची किंमत जाणवणारही नाही.

विम्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर त्यातली बारीक अक्षरं वाचा, आणि सर्व्हेअरने बघेपर्यंत इंजिन खोलू नका.

प्रश्न : काका, मी नाशिकचा, सध्या एडमंटनला शिकतोय. इथे जुनी पेट्रोल कार घेतली. घर ते युनिव्हर्सिटी चार किलोमीटर. काल ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आत पिवळट पांढरा फेस! नेटवर सगळीकडे लिहिलंय की ब्लॉक क्रॅक. मालकाने गाडी गोठवून मला विकली का?
— एक विद्यार्थी, कॅनडा

उत्तर : घाबरू नकोस, नेटवरच्या मंडळींना हेड खोलायचं नसतं. चार किलोमीटरमध्ये तुझं ऑइल गरमच होत नाही. इंजिनात तयार होणारी वाफ झाकणाच्या थंड पत्र्यावर जमते आणि ऑइलशी मिसळून फेस होतो. झाकण पुसून काढ, रविवारी हायवेवर तासभर गाडी चालव, परत बघ. कांडीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची खूण आठवडाभर हलली नाही तर विषय संपला. खूण खाली जात असेल, किंवा हीटर लावल्यावर काचेवर आतून तेलकट धुकं आणि गोडसर वास येत असेल, तर मात्र प्रेशर टेस्ट करून घे.

तुझ्या गाडीच्या पुढच्या जाळीतून प्लगची वायर लोंबत असेल. तो ब्लॉक हीटर. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल वाट्या ठोकलेल्या असतात, त्यांतली एक काढून बऱ्याच गाड्यांत तिथेच हीटर बसवतात. निघायच्या तीन-चार तास आधी प्लग लावायचा. या वाट्यांना तिकडे फ्रीझ प्लग म्हणतात आणि लोकांना वाटतं की बर्फ झाला की त्या निघतात आणि ब्लॉक वाचतो. ती भोकं ओतकामातली वाळू काढायची आहेत. कधी नशिबाने वाटी आधी निघते, कधी ब्लॉक आधी चिरतो. त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

एडमंटनला एखाद्या रात्री पारा उणे ४० ला टेकतो, म्हणून ६० टक्के ग्लायकॉल ठेव. त्याहून जास्त घालायच्या मोहात पडू नकोस. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, पाणी मिसळल्यानेच ते खाली जातं. आणि डबा घेताना तयार मिश्रण आहे की कॉन्सन्ट्रेट ते वाच. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालणारे मी बरेच पाहिलेत.

प्रश्न : सुभेदार, आमचा ट्रक अहिल्यानगरहून माल घेऊन नोव्हेंबरअखेर कारगिलला गेला होता. द्रासला रात्र काढली, सकाळी इंजिन घेईना. क्लीनर म्हणाला इंजिन फुटलं. तिथल्या एकाने टाकीखाली शेगडी ठेवली, तासाभराने गाडी चालू. हे काय होतं? इंजिनाला काही झालं असेल का?
— एक ट्रकमालक, अहिल्यानगर

उत्तर : इंजिनाला काही झालेलं नाही, डिझेल गोठलं होतं. ओळखायची खूण सोपी. सेल्फला इंजिन मोकळं फिरतंय, बेल्ट ओरडत नाही, पण सायलेन्सरमधून धुराचा टिपूससुद्धा नाही, म्हणजे डिझेल वर येत नाही. फिल्टर खोलला असता तर आत पांढुरकं मेण दिसलं असतं. खाली भरलेलं डिझेल तेवढ्या थंडीसाठी नसतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. तेव्हा झोजीला खिंड चढण्याआधी टाकी रिकामी होत आणायची आणि वर गेल्यावर तिथलं डिझेल भरून लगेच पाच-दहा किलोमीटर चालवायचं, म्हणजे पाइपात आणि फिल्टरमध्येही तेच पोचतं. रॉकेल मिसळायची जुनी सवय बीएस-सहाच्या गाडीला लावू नका. त्या पंपाला डिझेलचंच वंगण असतं, रॉकेलने पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. टाकीखालची शेगडी जमून गेली, पण जवळ कुठे डिझेल गळत असतं तर तुम्ही मला वेगळंच पत्र लिहिलं असतं.

दोन गोष्टी लगेहात सांगतो. बीएस-सहाच्या ट्रकमधलं, धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी उणे ११ ला गोठतं. टाकी ते सोसेल अशीच बनवलेली असते, म्हणून त्यासाठी धावपळ करू नका; टाकी काठोकाठ मात्र भरू नका. दुसरं, उतरलेली बॅटरी उणे ७-८ लाच गोठू शकते, पूर्ण चार्ज असलेली उणे ५० लाही टिकते. बॅटरीची कूस फुगलेली दिसली तर तिला जंपर लावायचा नाही, ती फुटते.

प्रश्न : लिलावातली लष्कराची जिप्सी घेतली आहे. ब्लॉकच्या एका बाजूला करड्या रंगाचं लांबट ठिगळ आहे. विकणारा म्हणतो, "फौजी काम आहे, टिकेल." टिकेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ठिगळ बहुधा इपॉक्सीचं आहे आणि खाली बर्फाची चीर असण्याचा संभव मोठा. नंतरच्या १.३ लिटर जिप्सीचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, एकदा गोठली तर अशीच चिरते. माझी पद्धत अशी : इंजिन पूर्ण गरम करा, बंद करा, थोडं निवल्यावर प्रेशर टेस्ट. नंतर रात्रभर थंड झाल्यावर पुन्हा. गरम-थंड दोन्ही वेळा काटा हलला नाही आणि ऑइल स्वच्छ असेल, तर ठिगळाला नखसुद्धा लावू नका. ते खरवडून टिग वेल्डिंग करून देतो म्हणणारे बरेच निघतील, पण वेल्डिंगच्या उष्णतेने सिलिंडरचा गोल बिघडू शकतो. गळत असेल तर जुनं इपॉक्सी काढा, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकणार नाही, जागा डीग्रीझ करून धातूचं इपॉक्सी भरा.

फौजी काम म्हणाल तर सगळं फौजी काम चांगलं नसतं. द्रास-कारगिलच्या भागात जुन्या शक्तिमान ट्रकसारख्या गाड्यांचं पाणी रात्री काढून टाकायची कवायत असायची. रेडिएटरचा कॉक उघडायचा, ब्लॉकचा उघडायचा, पाणी काढलंय अशी पाटी स्टिअरिंगला. नवीन पोरगा कॉक उघडून, दोन मिनिटं पाणी पाहून निघून जायचा. ब्लॉकच्या कॉकमध्ये गंजाचा गाळ बसलेला असतो. धार थांबली म्हणजे पाणी संपलं असं नाही, भोक बुजलं असंही असू शकतं. आत तार घालून ढोसायची, कॅप उघडी ठेवायची, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा. एवढं केलं नाही की सकाळी पेलाभर पाणी तळाशी गोठलेलं आणि ब्लॉकला चीर. तुमच्या ठिगळामागेही असंच काही असू शकतं. जिप्सी घरी आलीच आहे, तर कूलंट पूर्ण काढून धुऊन भरा, आणि कोणी थर्मोस्टॅट काढून टाकलाय का तेही बघा. आपल्याकडे गाडी तापू नये म्हणून तो काढायची खोड आहे.

प्रश्न : महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ डिसेंबरात गाडीच्या टपावर दवाचा बर्फ झाला होता. मुक्कामाला जाताना अँटिफ्रीझ टाकू का? इंजिनात साधं पाणी आहे.
— एक वाचक, वाई

उत्तर : टपाचा पातळ पत्रा रात्री उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही गार होतो, म्हणून त्यावर हिमकण दिसतात. इंजिनात दीडशे किलो धातू आणि काही लिटर पाणी आहे, ते पहाटेच्या दोन-तीन तासांत गोठत नाही. तिथे ब्लॉक फुटायची भीती नाही. पण साधं पाणी का ठेवलंय? ते आजच काढा. गंजाने पंप जातो, हेडची गॅस्केट खालून खाल्ली जाते, आणि पसरणीच्या घाटात एप्रिलमध्ये गाडी तापते. एकास तीनचं मिश्रण तुम्हाला भरपूर झालं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा.